कोचच्या घराच्या खिडक्या

— घे ना, घे, संकोच कसला करतेस, टेप पर्समध्ये परत कशाला टाकतेस? मी बघितली. पडद्यांची मापं घ्यायची असतील तर नीट घे, कारण या बैठकीच्या तिन्ही खिडक्या तीन मापांच्या आहेत, बाजारातला तयार पडदा एकीलाही बसत नाही. ती डावीकडची चार बोटं आखूड, मधली रुंद, आणि ही कोपऱ्यातली तर गवंड्याने उरलेल्या विटांत बसवल्यासारखी. मलाही आधी येऊनच मापं घ्यावी लागली होती — हो, आधी म्हणजे आधीच, मॅचच्या आधी. बस गं, उठू नकोस. चहा टाकलाय. इथून जात होते ताई, म्हणून सहज डोकावले, असं म्हणालीस, हे मी ऐकलं, आणि गुरुवारी पात्रतेची मॅच असताना, तुझा नवरा माझ्या नवऱ्याशेजारी बेंचवर बसणार असताना तुला सहज पडद्यांची आठवण झाली, हेही ऐकलं. मी काही बोलले का?

हे घर फेडरेशनचं. नॅशनल टीमचा कोच जो असेल तो इथे राहतो, आणि नारळ मिळाला की सात दिवसांत निघतो. ती भिंत बघ, कॅलेंडरच्या मागची. खिळ्यांची भोकं मोज. प्रत्येक कोच येतो, टीमचा फोटो ठोकतो, आणि प्रत्येकाला आधीच्याची उंची चुकीची वाटते. सगळ्यात वरचं भोक त्या परदेशी कोचचं, ताडमाड होता, अकरा महिने टिकला. त्याच्याआधी तो शिट्टीवाला, जेवतानाही शिट्टी गळ्यात असायची म्हणे — त्याचं काय झालं माहितीये? बाहेर मॅच ड्रॉ केली, परत आला, सगळी टीम बसमध्ये बसली, आणि याला न्यायला गाडीच आली नाही. एक तास उभा होता विमानतळावर. शेवटी बॅगा ढकलणाऱ्या माणसाने रेडिओवर ऐकून सांगितलं, साहेब, तुमच्या जागी दुसरा आलाय. लोकांना वाटतं, कोच मॅच हरला म्हणून जातो. कसली मॅच आणि कसलं काय! मॅच हे सांगायला बरं पडतं. ज्याला जायचं असतं तो जिंकूनही जातो. ह्यांच्या आधीचे सर गेलेच ना दोन-शून्यने जिंकून?

तू सरांना पाहिलंस, पण घरातले सर नाही पाहिलेस. सहा वर्षं ते इथे होते, शेवटची चार वर्षं हे त्यांचे असिस्टंट, आणि आम्ही त्या मागच्या दोन खोल्यांत — जिथे आता तुम्ही आहात. त्या दिवशी सरांच्या घरच्या बाई इथे बसल्या होत्या, आत्ता मी बसलेय तिथेच, आणि मी तिथे, तुझ्या जागेवर. मी पण सहजच आले होते. बाईंनी मला काही विचारलं नाही. स्टूल आणून दिलं, वरचं माप घ्यायला हात पोचत नव्हता माझा. मला त्या वेळी वाटलं, बरं झालं, यांना काही कळलं नाही. कळलं नाही कसं? बायकोला नवऱ्याच्या साहेबाची पावलं आधी ऐकू येतात. — भाऊजींना माहीत आहे, तू इथे आलीयेस ते? — नाही म्हणतेस. असेल. ह्यांनाही माहीत नव्हतं. फेडरेशनच्या अध्यक्षांच्या बायकोने मला परस्पर सांगितलं होतं, मापं घेऊन ठेव, ऐन वेळी धावपळ नको. तुलाही तिनेच सांगितलं ना? मान खाली घालू नकोस, चहा सांडेल.

सकाळी अध्यक्षांचा फोन आला होता. हे मैदानावर, मी उचलला. गोड आवाज — काय म्हणते साहेबांची तब्येत, छातीचं वगैरे काही नाही ना आता? छातीचं. हे त्यांना कुठून कळलं? कारण मागच्या वर्षी ह्यांना हॉस्पिटलात ठेवलं तेव्हा आम्ही सगळ्यांना मूतखडा सांगितला होता. पेपरातही मूतखडाच आला. छातीत दोन स्टेंट बसवलेत हे माहीत होतं ह्यांच्याशिवाय तिघांना. डॉक्टरला, मला, आणि हॉस्पिटलच्या त्या बाकावर माझा हात धरून बसली होतीस त्या तुला. ह्यांनी मला शपथ घातली होती, कुणाला बोलू नकोस, आजारी कोचला कुणी दारात उभं करत नाही. आणि मी तुला बोलले. कुणाला तरी बोलायला हवं होतं गं, तीन दिवस मी एकटी होते तिथे, तू डबा घेऊन आलीस आणि मी ढसाढसा रडले. माझंच चुकलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला आजचं थोडंच माहीत आहे?

नाही, रडू नकोस. मुद्दाम केलं नाहीस, हे मला कळतं. कसं होतं ते मी तुला सांगू? तू चुगली केलीच नाहीस. तू काळजी केलीस. सगळ्या जेवायला बसलेल्या असतात, अध्यक्षांची बायको विचारते, तुमचे मोठे कोच हल्ली दमलेले दिसतात, आणि आपण म्हणतो, हो ना, काळजी वाटते हो. एवढंच. एका वाक्यात माणसाचा गळा कापला जातो आणि आपल्या हाताला काही लागतही नाही, उलट ती म्हणते, किती माया आहे तुला. असंच झालं ना? मला माहीत नसेल तर कुणाला असेल? मी तेच केलंय. त्याच टेबलावर. मी म्हटलं होतं, सर हल्ली नावं विसरतात हो.

एकदा विसरले होते. एकदा! गोलकीपरला त्याच्या मोठ्या भावाच्या नावाने हाक मारली, आणि तो भाऊही सरांच्याच हाताखाली खेळून गेलेला, चेहरा तोच, कुणीही चुकलं असतं. पोरं हसली, सरही हसले. ह्यांनी घरी येऊन मला गंमत म्हणून सांगितलं. मी ती गंमत उचलली आणि काळजी करून तिथे नेऊन ठेवली. का? कारण मागच्या त्या खोल्यांत ओल होती. कारण चार वर्षं हे फळ्यावर खेळी आखायचे आणि पेपरात सरांचं नाव यायचं. कारण मला या तीन खिडक्या हव्या होत्या. झालं. सोमवारी पत्र आलं, प्रकृतीच्या कारणास्तव. आणि नुसती ही नोकरी नाही गेली, ते मला वाटलंच नव्हतं, मला वाटलं, सर मोठे आहेत, उद्या दुसरा कुणी बोलावेल. तीन क्लबांनी बोलावलं, तिघांनी चहा पाजून परत पाठवलं. विसरतात ना ते, असं ऐकलंय. कुणाकडून ऐकलंय? ऐकलंय! आणि त्या माणसाला आजही वीस वर्षांपूर्वीची टीम विचार, अकराच्या अकरा नावं, कुणी कितव्या मिनिटाला गोल मारला, कुणाच्या पायाला काय लागलं होतं, सगळं घडाघडा सांगतात. ऐकायला कोण आहे? हे जातात दर रविवारी, तेवढेच.

आणि तुला हसू येईल — ह्यांना वाटतं सरांना घालवायचं ते काम फेडरेशनच्या सेक्रेटरीने केलं. तीन वर्षं झाली, हे सेक्रेटरीशी हात मिळवत नाहीत. मीटिंगमध्ये त्याच्याकडे पाठ करून बसतात. किती नुकसान झालं ह्यांचं त्यात, दोन मॅचेसचा सराव कापला त्याने, चांगला फिजिओ दिला नाही, सगळं त्या अढीपायी. मी बघत होते. रोज रात्री पानावर बसले की हे म्हणायचे, सरांना संपवणारा माणूस मला एकदा कळू दे, आणि मी म्हणायचे, भाजी घ्या अजून. तीन वर्षं. आता मला काळजी आहे ती घराची नाही गं. घर जाऊ दे, सात दिवसांत गाशा गुंडाळू. पण बावन्नाव्या वर्षी छातीत दोन स्टेंट असलेला कोच म्हणून हे क्लबांच्या पायऱ्या चढतील आणि उतरतील, आणि मला ते दिसतंय, एकेक पायरी दिसतेय, कारण मी सरांना तशाच उतरायला लावल्या. म्हणून तुला एकच सांगते. भाऊजींना म्हणावं, गुरुवारपर्यंत ह्यांना काही कळू देऊ नका. ह्यांना वाटतंय, जिंकलो तर राहीन. वाटू दे. नव्वद मिनिटं तरी माणसाने बाकी काही मनात न आणता मैदानाकडे बघावं. नोकरी गेली हे उद्या कळलं तरी हे मॅच खेळवतील. पण सरांचं ते मी केलं, हे कळलं तर —

अहो. तुम्ही कधी आलात? मागच्या दाराने आलात का? पाचपर्यंत प्रॅक्टिस होती ना तुमची — सोडली लवकर? बरं झालं. ही आलीये, सहज, खिडक्या — म्हणजे तशीच आलीये, आम्ही आपल्या गप्पा — असे उभे का, बसा ना. पाणी देऊ? गोळी घेतलीत का दुपारची? — कुठपासून ऐकलंत? — फोन कुणाला लावताय? सरांना? आत्ता नको हो, झोपले असतील ते — माझ्याकडे द्या, मी सांगते त्यांना, माझ्या तोंडाने सांगते, तुम्ही आधी खाली बसा —

तू जा गं. जाताना दार ओढून घे.