तास एकदाच मिळवायचा

(जुलै महिना. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरची मॉर्बिआंची खाडी. ओहोटीच्या चिखलात, एका कुशीवर कललेल्या शिडाच्या बोटीशेजारी तिघं उभी आहेत.)

रोझेन : फाँशनी मला लग्नाच्या जेवणातच सांगितलं होतं. "पोरी, तुझा नवरा समुद्राला काही विचारत नाही, नुसता सांगत सुटतो. त्याच्या बोटीत बसशील तेव्हा भरतीची वेळ तू स्वतः बघत जा." मी हसले. म्हटलं, म्हातारी माणसं, बोलायचंच.

थिबो : मादामना बोटीचं नुकसान लिहायचंय, रोझेन. लग्नाचं जेवण नाही.

मादाम केर्वेल : विमा कंपनीनं मला दोन्हीसाठी पाठवलंय. काय मोडलं, आणि का मोडलं. फाँश कोण?

रोझेन : ही कालवांची शेती त्यांची. तुमच्या बुटांखाली चुरचुरतंय ना, ते सगळं.

थिबो : आणि हद्दीची काठी लावायची जबाबदारीही त्यांचीच. काठी नव्हती, मादाम. मोकळं पाणी दिसलं, मी बोट आत घातली. बंदरावर सगळ्यांसमोर सांगितलंय मी हे.

मादाम केर्वेल : किती वाजता?

थिबो : परवा संध्याकाळी सात वाजून दहा. भरती चढत होती, अजून अर्धा तास हातात होता. टेक्निकली मी अगदी सेफ होतो.

मादाम केर्वेल : सेफ माणसाची बोट अशी डुकरासारखी लोळत नाही. वेळ कुठे पाहिलीत?

थिबो : बेकरीत फुकट मिळतं त्या पुस्तकात. सहा चाळीस. त्यात उन्हाळ्याचा तास, म्हणजे घड्याळं पुढे करतात तो, मिळवला, सात चाळीस. शिडाच्या शाळेत पहिल्याच दिवशी घोकून घेतात.

मादाम केर्वेल : तो सरकारी तक्त्यात मिळवायचा. बेकरीवाले आधीच मिळवून छापतात. पहिल्या पानावर लिहिलेलं असतं.

थिबो : म्हणजे?

मादाम केर्वेल : म्हणजे तुम्ही एकच तास दोनदा मिळवलात. सात दहाला पाणी चढत नव्हतं, अर्धा तास उतरत होतं. पुस्तकात भरतीच्या जोराचा आकडा असतो, तो किती होता?

रोझेन : एकशे चार.

मादाम केर्वेल : वा! म्हणजे ऐन उधाणाच्या माथ्यावर. आता रोजची भरती आदल्या दिवशीपेक्षा ठेंगणी. पुढचं उधाण येईपर्यंत ही इथून हलत नाही. पंधरा दिवस धरा.

रोझेन : आणि पंधरा दिवस हा वास. संडासाची टाकी फुटलीय तिची. सगळा मैला कालवांवर.

थिबो : पाणी धुऊन नेईल की.

रोझेन : धुऊन नेईल! काल तपासणीवाले येऊन गेले. या पट्ट्यातलं एक कालव विकायचं नाही म्हणाले. तीन-तीन वर्षं वाढवलेली कालवं. अरे, मी माएलचा लंगोटसुद्धा इतक्या बेफिकिरीनं टाकत नाही.

मादाम केर्वेल : बाळ बोटीवर होतं?

रोझेन : खाली झोपलं होतं. अकरा महिन्यांचं. बोट कलली तसं घरंगळत भिंतीवर गेलं. मी त्याच्याकडे धावले आणि यानं काय उचललं? बोटीचा रस्ता दाखवणारा स्क्रीन.

थिबो : अगं, त्याच्यावर सगळी नोंद होती!

रोझेन : मग फाँश आले, त्यांच्या सपाट होडीतून. एकाहत्तरीचा माणूस, कमरेभर पाण्यात उतरले आणि माएलला खांद्यावर घेतलं. शेतीकडे बघितलंसुद्धा नाही. शिवी नाही, काही नाही. एवढंच विचारलं, "दूध प्यालाय का हा?"

मादाम केर्वेल : तेव्हा काठी होती?

थिबो : नव्हती, सांगितलं ना.

मादाम केर्वेल : मी बाईंना विचारतेय.

थिबो : रोझेन, नीट विचार करून बोल. काठी नव्हती म्हटलं की आपण सुटलो. म्हातारा माणूस, विसरला असेल. त्याला काय कुणी फासावर देणारेय?

रोझेन : हद्दीची खूण लावली नाही तर शेती काढून घेतात त्याची. बंदरावर सांगितलं तुला लोकांनी. ते ऐकून तू बिअर मागवलीस.

मादाम केर्वेल : बाई?

रोझेन : फाँश आले तेव्हा नव्हती. त्याच्या आधी होती. मी म्हणालेही, "थिबो, काठी उजव्या हाताला ठेवायची ना?" तर म्हणे, डाव्या हाताला ठेवली की जवळ पडतं. बोट रुतली ती काठीला घासूनच. कलायला लागली तशी यानं वाकून काठी उपटली आणि टेकू म्हणून खाली घातली. काडकन मोडली. तिथे बघा, पोटाखाली. लाल टोक असेल.

मादाम केर्वेल : आहे. लाल टोक आहे.

थिबो : रोझेन, तू... इकडे ये जरा. बाजूला ये.

रोझेन : हात लावू नकोस मला. शिसारी येते.

मादाम केर्वेल : हे बंदरावर का नाही बोललात?

रोझेन : कारण मी याची बायको. कारण बाळ कडेवर होतं. कारणं काय, ढीगभर. फाँश तिथेच उभे होते. हा ओरडत होता आणि ते हळूच म्हणाले, "मी सकाळीच लावली होती... लावली होती ना?" माझ्याकडे बघून विचारलं, मादाम. स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडाला त्यांचा. आणि मी? मी माएलची टोपी सारखी करत बसले.

मादाम केर्वेल : लिहून सही कराल?

रोझेन : आत्ता करते. फक्त एक करा. परत जाताना चर्चच्या पुढे निळ्या खिडक्यांचं घर लागेल, फाँशचं. कालपासून त्या खिडक्या बंद आहेत. मी दोनदा हाका मारल्या, मला ओ देत नाहीत. तुम्ही एकदा दार वाजवून बघा. आणि लगेच वळू नका हं, त्यांना दारापर्यंत यायला वेळ लागतो.