मराठीसाठी दोन दाबा

नाही नाही, ताई, फ्रिज बंद पडलेला नाही — फ्रिज चालू आहे, रात्री ठेवलेलं ताक सकाळी दातांना लागतं इतका गार — तक्रार लिहावीच लागत असेल तर काहीही लिहा, पण करणसिंगला पाठवू नका, तुमचा मेकॅनिक हो, शहाद्याहून येतो तो. मागच्या वेळी उन्हातान्हाचा आला, दार उघडलं, लावलं, मागे बॅटरी मारून बघितलं, पाठीला कानसुद्धा लावला, आणि म्हणतो कसा, काकू, हा फ्रिज माझ्यापेक्षा तब्येतीने चांगला आहे, मला का बोलावता? काय सांगणार त्याला? चहा पाजला आणि लावून दिला. तर ते राहू द्या. तुम्ही संध्या ना? सुरुवातीला ‘नमस्कार, मी संध्या’ म्हणालात — मी तेवढ्यासाठीच कान देऊन असते, कुठलं नाव येतं त्यासाठी. मी जसोदाबाई, सारंगखेड्याहून. मला तुमच्या कंपनीतली जागृती हवी आहे. माझी मुलगी आहे ती — थांबा, ते वाक्य म्हणू नका, मला पाठ झालंय, ‘क्षमस्व मॅडम, आम्ही वैयक्तिक माहिती देऊ शकत नाही’. तुमच्या आधीच्या सगळ्या मुलींनी म्हटलं. चूक नाही त्यांची, पोटासाठी आलेल्या पोरी. पण तिचा जुना नंबर आता लागत नाही, हॉस्टेलही सोडलंय म्हणतात, मग आईने शोधायचं कुठे? दुपारचं घरातलं आवरलं की मी हा नंबर लावते, मराठीसाठी दोन दाबते, आणि वाट बघते — एखादा फोन तिला लागेल म्हणून.

रेकॉर्ड होतं, हो, ठाऊक आहे. तुमचे सर मीटिंगला गेलेत म्हणता ना? मग ऐका थोडं. तुमच्या ऑफिसातलं मला सगळं माहीत आहे, दिवाळीला आली की रात्रभर तेच सांगायची. मोबाइल कुलपात ठेवायचा, बाथरूमला जायचं तर हात वर करायचा, शाळेसारखा — खोकला आला तर बटण दाबून खोकायचं, म्हणजे गिऱ्हाइकाला ऐकू जायला नको. वाढदिवसाला केक खुर्चीशीच कापायचा, आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या पण आवाज न करता, कारण शेजारची फोनवर असते. तिने करून दाखवल्या होत्या बिनआवाजाच्या टाळ्या, आणि तिचे पप्पा इतके हसले, इतके हसले की त्यांना ठसका लागला. आणि ते हसण्याचं — टेबलावर छोटा आरसा असतो ना तुमच्या? बोलताना त्यात बघायचं, चेहऱ्यावर हसू असलं की आवाजात उतरतं म्हणे, आणि सर त्याचेही मार्क देतात. मी म्हटलं, आणि रडू आलं तर? तर म्हणाली, मम्मी, तेव्हा जास्त हसायचं.

टाइप करायच्या थांबलात. ओळखता ना तिला? — काय? फोनवर नसते? चॅट म्हणजे — म्हणजे गिऱ्हाईक लिहून विचारतं आणि ती लिहून उत्तर देते? बोलतच नाही? कोणी बदली केली तिची? — स्वतःच मागून घेतली. असं. म्हणजे मी इतके दिवस दोन दाबत बसले आणि ती फोनच उचलत नव्हती. दिवसभर गप्प बसून टाइप करते. माझी जागृती. तिची बडबड बंद व्हावी म्हणून शाळेत बाई तिला दाराशी बसवायच्या.

का मागून घेतली ते तुम्हाला सांगितलं नसेल तिने. सांगणारही नाही. मला राग नाही हो तिचा, मुळीच नाही, मी आपलं तुम्हाला समजावं म्हणून सांगते. तिच्या पप्पांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा भर दुपार होती. शेजारच्या लखनच्या पिकअपमध्ये मागे गादी टाकली, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर, शहाद्याच्या दवाखान्यात चाललेलो. ते सारखं म्हणत होते, जागृतीले फोन लाव. घरात आम्ही अहिराणीच बोलतो, तुमच्याशी ही शाळेतली मराठी आठवून आठवून बोलते. लावला फोन, तो कुलपात. मग मी हा नंबर लावला. दोन दाबलं. तुमच्याकडे एवढ्या मुली, आणि नेमका तिलाच लागला — मला वाटलं, देवानेच जोडून दिला. मी फोन त्यांच्या कानाशी धरला, मोठ्या आवाजावर. ‘नमस्कार, मी जागृती, मी आपली काय मदत करू शकते?’ ते म्हणाले, बेटा. तर ती म्हणते, ‘सर, आपली तक्रार काय आहे?’

स्वतःच्या बापाला. आणि आवाजात हसू, संध्याताई. तुमच्या समोर येतं ना नाव, जसोदाबाई, सारंगखेडा, सगळं लिहून येतं — तिला कळलं होतं की हा घरचा फोन. मी ओरडले, अगं, पप्पांना कसं तरी होतंय, तर म्हणाली, ‘मॅडम, कृपया लाइनवर राहा,’ तसंच गोड, आणि लावून दिलं ते गाणं. खड्ड्यांतून गाडी आदळतेय, मी त्यांची छाती चोळतेय आणि फोनमध्ये पेटी वाजतेय. लोणखेड्याच्या अलीकडे त्यांची मान कलली. पेटी चालूच होती. मग मी फोन कापला.

नंतर सांगितलं तिने सगळं. त्या दिवशी सर दुसरा हेडफोन लावून तिच्या बाजूलाच बसले होते, ऐकायला. घरचा फोन घेतला म्हणून आदल्या आठवड्यात एकीला घरी बसवलं होतं. तिने आम्हाला थांबवून ठेवलं आणि सरांना विचारायला वळली, परवानगी मागायला. परवानगी. बाप मरतोय, त्याच्याशी बोलू का, अशी परवानगी — नाही, राग नाही, म्हटलं ना. फक्त समजत नाही. मला अजून समजत नाही की तोंडातून ते ‘सर’ निघालं कसं.

म्हणून मी तशी वागले असेन. ती आली तेव्हा घरात माणसं बसलेली. माझ्या गळ्यात पडली आणि विचारते, मम्मी, पप्पा काही बोलनात का? म्हणजे, शेवटी काही बोलले का? आणि मी म्हटलं — सगळ्यांसमोर, तिच्याच आवाजात — ‘मॅडम, कृपया लाइनवर राहा.’

ती मागे सरकली. तेराव्याचे दिवस झाले की निघून गेली, तेव्हापासून येणं नाही, फोन नाही.

रडू नका, ताई. तुमचे मार्क जातील. अगं रडू नको, माय, मी कशाला बोलले तुला एवढं. मला एवढंच सांगायचं होतं, की ते बोलले होते. मी तिला खोटं — नाही, मी काहीच सांगितलं नाही, तेच तर. गाणं सुरू झालं ना, मी शिव्या देत होते, आणि ते हसले. खरंच हसले. म्हणाले, कशी भारी बोलस मन्ही आंडेर. माझी मुलगी किती छान बोलते. त्यांना वाटलं ती साहेबीण झाली, कामात आहे, आता येईल. ते वाट बघत गेले, रागावून नाही गेले. माझ्याजवळच राहिलं ते, मीच दाबून ठेवलं, आणि तिकडे ती पोर मुकी होऊन बसली आहे. जेवायच्या सुट्टीत तिच्यापाशी जाशील? एवढंच सांग. कशी भारी बोलस मन्ही आंडेर. म्हणून दाखव बरं एकदा, तसंच्या तसं —

काय? कोणता मॉडेल नंबर? अगं, फ्रिज ठीक आहे, मी म्हटलं ना —

थांब.

आत्ताच नाक ओढत होतीस तू. आणि हा आवाज — हसतेस तू. एकदम हसायला लागलीस. सर आले का ग? मागे उभे आहेत? नको, सांगू नको. काही सांगू नको.

अस्सं. असं होतं होय.

हो मॅडम. ऐकतेय. हो, तक्रारच आहे. आतला दिवा लागत नाही. दार उघडलं की अंधार असतो. — सारंगखेडा, तालुका शहादा. — नाही मॅडम, तुम्ही सगळं व्यवस्थित सांगितलंत, माझं समाधान झालं. — नाही, आणखी काही नाही.

...अजून आहात? हां, गिऱ्हाइकाच्या आधी तुम्हाला फोन ठेवता येत नाही.

बरं. ठेवते मी.