आईची शिक्षा

बीरगांवच्या हिंदी शाळेत नव्या सत्राच्या पहिल्या सभेसाठी आयांची रांग लागली होती. मायाही त्यात आपल्या मुलासाठी उभी होती; तिच्या पुढची म्हातारी शेजारच्या बाईशी हळू बोलत होती.

"बाई, शिक्षा लय मोठी असते का?"

"कायची शिक्षा, आजी?"

"नातीनं शाळेची चिठ्ठी वाचली ना. माता की शिक्षा. तिची माय तं पोळ्याले वारली. म्हटलं, पोट्टीले काहून? जे असन ते मले द्या."

"कुठून आल्या तुम्ही?"

"भंडाऱ्याहून. तिच्याचसाठी."

"आजी, हिंदीत शिक्षा म्हणजे शिकणं. लेकराले घरी कसं शिकवायचं, ते आईले सांगतात."

"शिकणं?"

"हव."

आतून मॅडमनं पुकारलं, "पायल की माता?"

म्हातारीनं डोक्यावरचा पदर सावरला.

"हव," ती म्हणाली, आणि आत गेली.