धुक्याच्या सिनेमाबाबत

विषय — आमच्या मुलीशी लग्न करण्याबाबत आपली तोंडी विनंती. संदर्भ — आत्ता चहाचा पहिला घोट घेता घेता आपण स्वतःहून केलेलं विधान, की तो धुक्याचा सिनेमा आपल्याला मनापासून आवडला. — नाही, कप खाली ठेवू नका, प्या. जन्मभर कचेरीत आलेलं टपाल उघडलं मी, विषय आणि संदर्भ असल्याशिवाय मला बोलायलाच सुचत नाही. विषयाकडे येऊ आपण. मुलगी दूध आणायला खाली गेलीय, ती येईपर्यंत वेळ आहे — घरात दूध होतं बरं का, सकाळीच बघितलंय मी, पण असो. आधी संदर्भ. मनापासून म्हणजे काय? कारण तो सिनेमा मीही पाहिलाय, गेल्याच रविवारी, आणि मला तरी त्यात मनाला कुठे काम दिसलं नाही. डोळ्यांना थोडं होतं. कानांना फार होतं.

एक ट्रकवाला. एक हवामान केंद्रातली बाई. ती डोंगरावर बसून रोज सांगते की उद्या धुकं पडणार, आणि हा रोज त्याच धुक्यात ट्रक घालतो. रेडिओ नाही का त्याच्याकडे? आहे की. त्यावर गाणी ऐकतो. बरं, धुकं तरी कसं, तर एकदम शिस्तीचं — बाईला काही महत्त्वाचं सांगायचं असलं की उतरतं, तिने तोंड मिटलं की विरतं. आमच्या कचेरीत शिपाई इतका वक्तशीर नव्हता. एक कुत्रा आहे. सबंध सिनेमात अक्कल त्या एकट्याला, म्हणून मध्यंतरानंतर त्याला मारून टाकतात. आणि तो ट्रकवाला भर रस्त्यात ट्रक थांबवून काय म्हणतो — ‘माझ्या वाटेत तू आलीस, की तुझ्या वाटेत मी?’ अहो, मागे गाड्यांची रांग लागलीय, एक माणूस हॉर्न वाजवत नाही. सगळे खाली उतरून डोळे पुसतात. कुठल्या देशात राहतात हो हे लोक? आणि त्या बाईचा बाप बघितलात? आरामखुर्चीत बसून असतो, तोंडासमोर वर्तमानपत्र, आणि येईल त्याला नावं ठेवतो. दुसरं काही काम नाही त्याला. असा बाप असतो का कुठे? मी तरी पाहिलेला नाही. — का हसलात? नाही, हसलात तुम्ही. चहा नाकात गेला म्हणे. बरं.

पुस्तकं वाचता? — वाचता. शाबास. कुठलं चालू आहे? — पहाटे उठण्याचं. वाटलंच. म्हणजे एक माणूस पहाटे उठतो आणि मग दिवसभर आपण पहाटे उठलो म्हणून लिहीत बसतो, आणि ते वाचायला तुमच्यासारखे लोक रात्री जागतात. आमचे एक साहेब होते, त्यांनी असलंच एक वाचलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची टेबलं खिडकीकडे तोंड करून लावली, प्रगती होते म्हणून. झाली — साहेबांची बदली झाली. त्या पुस्तकांत प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी चौकट असते, पाहिलीय ना? आधी जे सांगितलं तेच पुन्हा चौकटीत. म्हणजे वाचणाऱ्याच्या डोक्यात काही शिरलं असेल असं लिहिणाऱ्यालाही वाटत नाही. त्याबाबतीत माझं आणि त्याचं एकमत आहे. — खुनाच्या कादंबऱ्या? त्या नका सांगू मला. पहिल्या प्रकरणात जो सगळ्यांना पाणी आणून देतो त्याने खून केलेला असतो, पुढची तीनशे पानं पोलिसांना ते कळू नये म्हणून लिहिलेली. आणि ती तीन भागांतली प्रेमकहाणी, जी सध्या ज्याच्या त्याच्या हातात आहे — पहिल्या भागात भेटतात, दुसऱ्यात भांडतात आणि तिसऱ्यात छपाईच्या चुका. तुम्ही म्हणाल, मग तुम्हाला आवडतं तरी काय? आवडलीत तीन-चार पुस्तकं. नावं नाही सांगणार. सांगितली की लोक वाचतात, आणि मग येऊन मला सांगतात की मनापासून आवडलं.

आता विषयाकडे येतो, पण मधून एक फाटा आहे. आमच्या घरात एक पद्धत आहे, ती तुम्हाला माहीत हवी. दर रविवारी दुपारच्या खेळाला मी आणि मुलगी. ती शाळेत होती तेव्हापासून, आता तिलाही केस पांढरे यायला लागलेत — तुम्ही पाहिले असतील, जवळून बघता तुम्ही लोक, चष्म्याचा धंदा तुमचा. सिनेमा सुटला की कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत कुणी बोलायचं नाही. अक्षर नाही. पेटी ओलांडली की सुरुवात — एक दोष तिने काढायचा, एक मी, घर येईपर्यंत. आणि ज्याच्या तोंडून पहिला चांगला शब्द जाईल त्याने घरी येऊन चहा करायचा. अशी पद्धत. तुम्हाला सांगतो, एखाद्या सिनेमाची अशी साल काढते ती, की पेटीपासून घरापर्यंतचा रस्ता कमी पडतो, मग आम्ही मुद्दाम बाजाराकडून वळसा घालतो. इतक्या वर्षांत मी एकदाही चहा केलेला नव्हता. ती हरायची मधूनमधून. लहान होती तेव्हा घोड्यांचं कौतुक करायची. — तिची आई? नाही, ती येत नाही. लग्नाच्या वर्षी आली होती एकदा. मध्यंतरात मी तिला खुनी कोण ते सांगितलं. बरोबर निघालं, तरी रागावली. त्यानंतर ती शेजारणीबरोबर जाते. ठीक आहे. माणसामाणसाची आवड असते, तिला सगळंच आवडतं. माझं काही अडलं नाही, मला मुलगी होती.

तर गेल्या रविवारी मुलगी म्हणाली, बाबा, आज सिनेमा मी निवडणार. म्हटलं निवड. आणि हा निवडला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण हॉलबाहेरच्या पाटीवर नायक-नायिका ढगात उभे होते, आणि ढगात उभ्या असलेल्या माणसांच्या सिनेमाला ती मला कधी नेत नाही. आत गेलो. ट्रकवाला मुलीचा हात मागायला निघतो तो प्रसंग आठवतोय? घाईत दोन पायांत दोन वेगळे बूट घालून जातो, बापासमोर बसतो, पाय खुर्चीखाली लपवतो. तर लोक हसतात कधी, बूट दिसतात तेव्हा. मुलगी कधी हसली? तो दाराची कडी काढत होता तेव्हा. बूट दिसायच्या आधी. — कळलं ना? कचेरीत मी पाकीट न उघडता आतला मजकूर सांगायचो, हे तर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलं होतं. तिने पाहिला होता तो सिनेमा. दुसऱ्यांदा बघत होती. आणि माझ्याशिवाय पाहिला म्हणजे कुणाबरोबर तरी पाहिला, कारण एकटी सिनेमाला जाणारी ती नाही, बोलायला कुणीतरी लागतं तिला. म्हणजे माझा चष्मा नीट करायला म्हणून ती तुमच्या दुकानात आठवड्यातून तीन-तीन वेळा जायची, तेव्हा चष्म्यात बिघाड नव्हता. मला वाटायचं काच वाईट आहे. तुमच्या दुकानाला बरीच नावं ठेवलीत मी, ती परत घेतो. दांडी अजून कानाला टोचते, तेवढं मात्र राहू द्या. — आज दारात तुमचे बूट बघितले मी. दोन्ही सारखे आहेत. जरा निराशाच झाली.

काय गं? — तिची आई आतून बोलतेय, थांबा. — काय? कुत्रा मरतो तिथे कोण रडलं? — हे रडले? तुम्ही? — आणि तुला कसं माहीत? — शेजारणीबरोबर पाहिलास ना तू? — मग? — अस्सं. — कधी? — म्हणजे तुम्ही तिघं. — नाही, मला काय वाटायचंय. मी नुसतं विचारतोय. मध्ये कोण बसलं होतं? — बरं. चांगलं आहे. बाहेर येऊ नकोस, तुझं चालू दे.

तिघं गेले होते. म्हणजे हा सिनेमा घरात सगळ्यांनी पाहून झाल्यावर माझ्याकडे आला, अवलोकनार्थ. — नाही हो, तुम्ही कशाला माफी मागता, तुम्हाला काय माहीत आमच्याकडची पद्धत. आणि पेटीपर्यंत गप्प राहिलात का तुम्ही लोक? — आत बसल्या बसल्याच बोलत होतात. आवडलं आवडलं म्हणत. तिची आईसुद्धा. हं. छान गेली असेल दुपार.

तो शेवट — सुटकेसचा. आता तेवढा एक मुद्दा राहिला, मग विषय. बाप आरामखुर्चीतून उठतो, काही बोलत नाही, मुलीची सुटकेस उचलतो आणि धुक्यातून ट्रकपर्यंत चालत जातो. खोटं आहे सगळं. इतक्या वयाचा माणूस अशी सुटकेस उचलत नाही, उचलली तर मध्ये दोनदा खाली ठेवतो, हात बदलतो. हा सरळ चालतो. आत कागदसुद्धा भरलेले नसणार. पण ते चालू असताना सगळा हॉल पडद्याकडे बघत होता आणि मुलगी माझ्याकडे बघत होती. पडदा तिला पाठ होता, आता माझं काय होतंय ते तिला बघायचं होतं. त्यासाठी आणलं होतं मला. सांगता आलं असतं घरी बसून. पण नाही, तिकीट काढून आणलं. — डोळ्यात पाणी वगैरे आलं असं तिने तुम्हाला सांगितलं असेल, तर त्या हॉलमध्ये गारवा फार असतो, आणि दांडी टोचते हे मी आत्ताच बोललो.

मग पेटी आली. पेटी ओलांडली. ती काही बोलेना. माझ्याकडे बघेना. नुसती चालतेय. पद्धतीप्रमाणे पहिला दोष तिचा होता. मीच म्हणालो शेवटी, सुटकेस त्याने बरी उचलली. — ‘बरी’ म्हणालो मी. चांगली नाही म्हणालो. पण तिने ते धरलं. तिथेच रस्त्यात उभी राहिली आणि म्हणाली, बाबा, चहा तुम्ही करायचा. तेव्हापासून घरात चहा माझ्याकडेच आहे. हा तुम्ही पिताय तो. — साखर कमी आहे का? इतका वेळ बोलायचं नाही का. सवय नाही मला.

तर विषय. तुमचं प्रकरण वर मंजूर होऊन आलंय, इथे नुसतं सहीला ठेवलंय, हे मला समजत नाही असं समजू नका. त्यात मी काही अडवणार नाही. पण माझीही एक विनंती आहे, ती रविवारच्या दुपारच्या खेळाबाबत. मधली खुर्चीच पाहिजे असं नाही, कडेची चालेल. खुनी सांगणार नाही. पेटीपर्यंत गप्प राहीन, आणि लागलं तर पेटीच्या पुढेही. तुम्ही नका उत्तर देऊ, तुमच्या हातात नाही ते. — आली वाटतं. जिन्यात पाय वाजतायत. कप धरा, रिकामा दिसू द्या तिला.

ये. मिळालं दूध? — आम्ही काय, सिनेमाचंच बोलत होतो. ऐक ना, येत्या रविवारी कुठला आहे? — आणि तिकिटं किती काढतेस?

आत गेली. — हसतायत दोघी, ऐकलंत? कशाला हसतायत कोण जाणे. तुम्ही बघू नका माझ्याकडे, मला काय माहीत. अर्ज दिलाय, उत्तर आलेलं नाही. बिस्किट घ्या, आणि आता जरा गप्प बसा.