टोपल्यातली जाड भाकर

नातवंडांनो, आपल्या गल्लीतून रोज सकाळी सरकारी दवाखान्यात भाकरींचं टोपलं जातं, ते तुम्ही सुटीत पाहिलं आहे. समोरच्या चंद्रभागाबाईंनी त्याची हकीकत मला सांगितली. शब्द त्यांचेच ठेवले आहेत.

माहं माहेर तलमडुगूकडचं, बाई. आमी बौद्ध लोक, माय-बाप दुसऱ्याच्या वावरात, कापूस वेचा, ज्वारी कापा, आन् दुपारी मालकीण भाकर द्यायची ते वरतून टाकायची, हात लागू न देता, पाणी बी ओंजळीत वरतूनच. मायनं मले भाकर जाड थापाले शिकवलं, कडेले बी जाड, वावरात दिवसभर नरम राह्यली पाह्यजे म्हणून. मग लग्न होऊन आदिलाबादले आली, हे कचेरीत शिपाई लागले, पोरगी शिकून मास्तरीण झाली. तिकडचं तिकडं राह्यलं असं वाटलं.

तर टोपल्याचं सांगत होती. दवाखान्यात पेशंटच्या माणसाईले जेवण देणारी एक संस्था हाय, तिचे तेलुगू सार, म्हणजे साहेब, गल्लीत आले. म्हणे अम्मा, आमी भात-सांबार देतो, पण तामसी गावाकडची माणसं भात खाऊन बी उपाशीच बसल्यावानी बसतात, त्याईले जोन्ना रोट्टे पाह्यजे. ज्वारीची भाकर, दुसरं काय. मग ठरलं, घरोघरी दोन भाकरी जास्तीच्या थापायच्या आन् किराणावाल्या शेवंताकाकूच्या ओट्यावर टोपल्यात ठेवायच्या, सार ऑटोत घेऊन जातील.

काय सांगू तुमाले, पयल्याच दिवशी काकूनं सगळ्याईच्या भाकरी फडक्यात बांधल्या आन् माह्या तेवढ्या प्लास्टिकच्या पन्नीत, वेगळ्या. म्हणे चंद्रा, तुह्या जाड हायेत ना वं, आमच्या पातळ मोडतील. बाया आपापल्या पायाकडं पाहात होत्या. रोज तसंच. पोरगी म्हणे आई, तू काऊन देऊन राह्यली, बंद कर. मले बी वाटे बंद करावं. मग वाटे, तामसीच्या त्या माणसानं माहं काय केलं? थापायची, न्यायची, पन्नीत बांधलेली पाह्यची आन् घरी यायची. घास गोड लागत नव्हता, बाई.

एक दिवस सारासंगं मीच गेली वाटाले. तिथं एक म्हातारा, तामसीचा, त्याची बायको खाटेवर, तोंडात दात नाईत. मी फडक्यातली भाकर देऊ गेली तर म्हणे नको बाई, ते पन्नीतली जाड दे. पातळ वाली सांजेपावतर पापड होते, जाड आतून नरम राह्यते, वरनात कुस्करली की हिले खाता येते. सार ऐकून राह्यले होते. त्याईले पन्नीचं काय माहीत? दुसऱ्या दिवशी ओट्यावर सगळ्याईपुढं म्हणे, शेवंताम्मा, उद्यापासून सगळ्याईनं ह्या पन्नीतल्यावानी करा.

कोणी हासलं नाई. मी बी नाई.

दुपारी काकू माह्या दारात. उंबऱ्याबाहेर उभी. म्हणे चंद्रा, एका भाकरीले पीठ किती घेतं वं तू? मी म्हणलं असं सांगून नाई येत काकू, आत या, थापून दाखवते. उभीच राह्यली बाई, मले वाटलं जाते वापस. मग चपला काढल्या आन् चुलीपाशी, म्हणजे ग्यासपाशी, येऊन बसली. मी एक थापली, तिनं एक थापली. तिची कडेले फाटली. दोनी भाजल्या. माहीवर ठेचा ठेवून ताटली सरकवली, हातात नाई दिली, मनात म्हणलं घ्यायची तर तिनं घ्यावी. तिनं तुकडा मोडला, खाल्ला. म्हणे ठेच्यात मीठ जास्त झालं वं. मी म्हणलं तुमच्या दुकानातलंच हाय.

तवापासून फडकं एकच. सगळ्याच जाड थापतात, काकूची बी आता फाटत नाई. टोपलं उघडलं तर माही भाकर कोणती ते मलेच ओळखू येत नाई.

आता गुडघे दुखतात, पण दोन भाकरीले किती वेळ लागते? ज्याच्या पोटात जाईल, त्याचं माणूस खाटेवरून उठून आपल्या पायानं घरी जावो. बस, बाई, एवढंच लिहा.