वर्गणी नको, फक्त हळू जा

मंडळी, सरका, थोडं पुढं सरका! मागं आयाबाया उभ्या आहेत, त्यांना टेकू द्या. हां! आता सांगा — चार शब्द भल्याचे सांगणारा मोठा, की ते ऐकून घेणारा मोठा? सांगायला काय, आम्ही आहोतच! उपरणं खांद्यावर टाकलं की सुरू! पण ऐकायचं कुणी?

ऐका तर. आंबेखळी नावाचं गाव. गावाच्या मधोमध डांबरी रस्ता. अलीकडं राहायची गोदाआक्का, वय पंचाहत्तर. पलीकडं तिची धाकटी बहीण चंद्राक्का — पाय मोडून अंथरुणावर पडलेली. गोदाआक्का रोज सकाळी गरम भाकरी, वाटीभर कालवण घेऊन निघायची. आणि कडेला उभी राहायची. पाच मिनिटं, पंधरा मिनिटं! गाड्या कशा? सुसाट! पलीकडं पोचेस्तोवर भाकरी गार.

गावाला वाईट वाटलं हो. निवृत्त रंगनाथ गुरुजी म्हणाले, "चला, आपणच उभं राहू. गाडीवाल्यांना हात जोडून सांगू, बाबांनो, हळू जा." भजनी मंडळातल्या बाया आल्या. कुणी झेंडा आणला, कुणी टाळ आणले. सगळे रस्त्याच्या कडेला, हात वर करून!

आणि काय झालं? गाड्या आणखी जोरात पळायला लागल्या! गुरुजी चक्रावले. एवढे हात जोडतोय, तरी हे पळतात का?

तेवढ्यात आली एक पांढरी जीप. आत एक कीर्तनकार बुवा — कीर्तनाला उशीर झालेला! बुवांनी लांबून माणसं पाहिली, झेंडा पाहिला, आणि ड्रायव्हरला म्हणाले, "दामट रे, दामट! काच वर कर!" ड्रायव्हर काच चढवता चढवता ओरडला, "दिली हो! मागच्या गावात दिली वर्गणी!"

हसता काय? तुम्ही नाही पळवली कधी गाडी? दिवस गणपतीचे, रस्त्यात माणसं उभी दिसली की आपला पाय आपोआप दाबला जातो!

पण मंडळी, त्याच वेळी गोदाआक्का रस्त्यात दोन पावलं उतरली होती. जीप गेली सूं करून. म्हातारी दचकून मागं पडली. वाटी उपडी, भाकरी धुळीत. त्या दिवशी चंद्राक्का दुपारपर्यंत उपाशी राहिली.

तो बुवा कोण म्हणता? मीच तो! हा, तुमच्यापुढं उभा आहे तो! आरशात म्हातारी पडलेली दिसली होती मला. तरी ड्रायव्हरला 'थांब' म्हटलं नाही.

इकडं गुरुजी म्हणाले, "अगं बायांनो, हे आपल्याला वर्गणीवाले समजतात!" गोदाआक्का पदराची धूळ झटकत म्हणाली, "मग नको म्हणून लिहा की, मास्तर!"

झालं! भिंत रंगवायचा चुना घेतला, पत्र्यावर हातभर अक्षरं काढली — 'वर्गणी नको, फक्त हळू जा.'

तिसऱ्या दिवशी मी परत निघालो. माझ्या ड्रायव्हरनं ब्रेकच दाबला! "बुवा, वर्गणी *नको* म्हणतायत! असं कुठं असतं?" पुढं ट्रक हळू, मागं एसटी हळू. सगळे पाटी वाचतायत, हसतायत, हात जोडतायत. बाया टाळ वाजवतायत!

मी खाली उतरलो. गोदाआक्का वाटी घेऊन सावकाश रस्ता ओलांडत होती, मी तिचा हात धरला. तिनं मला ओळखलंच नाही! म्हणाली, "देव तुमचं भलं करो हो. थांबलात!"

मंडळी, हजार कीर्तनं केली, पण अशी मान खाली गेली नव्हती. मी म्हटलं, "आजी, परवाचा तो मीच." तिनं वाटी माझ्या हातात दिली. म्हणाली, "मग नीट धरा. सांडू नका."

दारातून मी वाटी आत दिली, गोदाआक्कानं भाकरी पुढं केली. चंद्राक्कानं भाकरीला हात लावला आणि ओरडली, "गोदे! अगं, चटका बसला की!" दोघी म्हाताऱ्या पोट धरून हसल्या. एवढा गोड प्रसाद मी अजून वाटलेला नाही.

आता आरती होईल, तुम्ही उठाल. बाहेर पन्नास मोटारसायकली उभ्या दिसतायत मला! मघाशी देवळाशी वळताना किती जण हळू आलात, ते मी इथून पाहिलंय. नावं घेत नाही. तुमच्या वाटेवरही कुणीतरी कुणाचं जेवण घेऊन उभं असेल. त्याला आधी जाऊ द्या, मग तुम्ही जा. आणि तो पलीकडं पोचेपर्यंत तेवढं देवाचं नाव घ्या — तेवढं नाम पुरतं देवाला!