ओळखता का यांना?

...आणि वर हा फोन मलाच विचारतो, 'ओळखता का यांना?' आता तुम्हाला सांगते, ज्या बाईच्या फोटोखाली तो हा प्रश्न घालतो ना, ती माझी शेजारीण, भिंतीला भिंत लागून. सबंध नोकरी आम्ही एका शाळेत केली, तिच्या बाळंतपणात तिचे वर्ग मी सांभाळले, माझे यजमान गेले तेव्हा कितीतरी दिवस ती माझ्याकडे निजायला येत होती, आणि हे कालचं पोर मला विचारतंय, ओळखता का!

झालं काय, तर केक. तिने नातीच्या वाढदिवसाच्या केकचा फोटो फेसबुकवर टाकला, खाली लिहिलं, 'माझ्या हातचा.' मी आपली सरळ मनाने लिहून गेले, 'अगं, हा आपण दोघींनी कोपऱ्यावरच्या बेकरीतून आणला ना?' खोटं होतं का त्यात काही? खोकं मी धरलं होतं! पण त्यावर तिच्या विहीणबाई हसल्या, विहीणबाईंच्या जावा हसल्या, आमचे माजी विद्यार्थी तर दात काढायला टपलेलेच... संध्याकाळपर्यंत मी तिच्या मैत्रिणींतून वजा. अहो, आमच्या लहानपणी कट्टी घ्यायची तरी समोर उभं राहून करंगळी दाखवावी लागे; तेवढी तरी हिंमत लागे. आता ती जिन्यात भेटली तर हातातल्या भाजीकडे पाहते, आणि फोन रोज सकाळी विचारतो, ओळखता का यांना?

मुलगा म्हणतो, आई, शेजारचं दार वाजव आणि मोकळी हो. वाजवू? आणि तिने उघडलंच नाही, तर? दारात उभी राहून मी माझं तोंड कुठे ठेवू?

शेवटी काल दुपारी मानापमान गुंडाळून ठेवला आणि दाबलं ते बटण. मैत्रीची विनंती... मी! भिंतीपलीकडे तिचा फोन टिंग करून वाजला. खुर्ची सरकली. मी श्वास रोखून, कान भिंतीला लावून उभी... आणि तिने सुनेला सांगितलं, खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा आवाजात, ''कोणी अनोळखी बाई आहे गं. काढून टाक.''

भिंत पातळ आहे, हे तिला पक्कं ठाऊक आहे. असो. इतक्या महिन्यांनी का होईना, बोलली माझ्याशी.